वारीहून आल्यावर सांगतो



यंदा ज्येष्ठ वद्यात आमची दिंडी कंधारहून निघायची होती, त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी ओसरीवर पडशी भरत बसलो होतो. एक गृहस्थ दारात आले. मोंढ्यात हमाली करतात, दोन एकर कोरडवाहू आहे. हातात मुलीच्या सीईटीच्या गुणपत्रकाची झेरॉक्स होती. घामाने तिच्या कडा मऊ झाल्या होत्या. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती.

"गुरुजी, लेकराला मार्क चांगले पडले म्हणतेत. कुणी म्हणतंय नांदेडला टाका, डोळ्यासमोर राहील. कुणी म्हणतंय पुण्याला टाका, तिथलं नाव मोठं हाय. फॉर्मात वरच्या नंबराला काय लिवायचं ते तुमीच सांगा."

नांदेड म्हणजे श्री गुरु गोबिंदसिंहजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था, १९८१ सालची. पुणे म्हणजे १८५४ साली सुरू झालेलं ते जुनं अभियांत्रिकी महाविद्यालय. आता ते स्वतःच विद्यापीठ झालं आहे. गुण असे होते की नांदेड जवळजवळ नक्की आणि पुण्याची आशा बरीच. प्रवेशाच्या फॉर्मात महाविद्यालयांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. वरचं लागलं की खालचं सुटतं. म्हणून वरच्या रकान्यात काय लिहायचं हाच सगळा प्रश्न.

तुमच्याही घरात हा प्रश्न कधी ना कधी आला असेल. मोठ्या नावाच्या ठिकाणी शिकल्याने लेकराचं पुढं खरंच भलं होतं का, की हुशार लेकरू कुठंही शिकलं तरी वर येतं? मी चौतीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. अशा प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असायला हवं. एके काळी होतंही. पण त्या संध्याकाळी तोंडातून एवढंच निघालं, "वारीहून आल्यावर सांगतो."

ते गेले. माझी पडशी मात्र तशीच राहिली.

जिभेवर तयार असलेलं ते उत्तर मी एकदा एका बापाला दिलं होतं. ते सांगण्याआधी थोडं माझं सांगतो, कारण त्याचं मूळ माझ्यातच होतं.

मी १९७२चा मॅट्रिक. आमच्या पिढीला त्या सालाचं वेगळं वर्णन लागत नाही. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आई सुकडी पदरात बांधून आणी, आणि घरात मिलोच्या लाल ज्वारीची भाकरी असे. ती थंड झाली की दाताने तुटत नसे. पुढच्या वर्षी मला गुण चांगले पडले. शाळेतले एक सर घरी येऊन वडिलांना म्हणाले, याला पुण्याला पाठवा, इंजिनिअर होईल. वडील काही बोलले नाहीत. आमच्या कोरड्या विहिरीकडे बघत राहिले. मी नांदेडला बी.एस्सी. केलं, मग बी.एड. आणि तालुक्यातल्या शाळेत लागलो. माझ्या वर्गातला एक जण, ज्याची गणितं मी सोडवून देत असे, तो पुण्याला गेला. त्याचे काका तिथे सरकारी नोकरीत होते. पुढे तो फार मोठ्या हुद्द्यावर चढला.

तोंडाने मी कधी तक्रार केली नाही. माळ घातलेली, एकादशी धरलेली; तक्रार शोभणार कशी? पण मनात एक वाक्य धरून ठेवलं: कॉलेजच्या नावात काय आहे, शिकणाऱ्यात असावं लागतं. त्या वाक्याला पुरावाही माझ्याजवळ होता, आणि तोही नांदेडचाच. नरहर कुरुंदकर! विद्यार्थी असताना मी त्यांची व्याख्यानं उभं राहून ऐकली आहेत, बसायला जागा नसे म्हणून. इतका मोठा विद्वान, पण इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला. शाळेत मास्तरकी केली आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे प्राण गेले, तेव्हा आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत कुणी डबा उघडला नाही. माझ्या वाक्याला मी त्यांचं उदाहरण जोडत असे आणि ऐकणारा गप्प बसे.

आता १९९२ सालची गोष्ट. म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षाची. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा बारावीला तालुक्यात वर आला. त्याचा बाप बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाई. दिवाळी झाली की घराला कुलूप, पोरगं आजीजवळ. रसायनशास्त्र म्हणजे त्या पोराचा जीव. मुंबईतल्या एका फार नावाजलेल्या संस्थेत त्याचा नंबर लागला. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून बाप ते घेऊन माझ्याकडे आला. मी वाचून दाखवलं. फी फार नव्हती. राहण्या-जेवण्याचा खर्च होता आणि मुंबई होती.

बाप म्हणाला, "सर, पाठवू का?"

मी म्हणालो, "अहो, शिकणाऱ्याला काय मुंबई आणि काय कंधार! पोरगं हुशार आहे, कुठंही चमकेल. कुरुंदकर गुरुजींकडे बघा. पांडुरंग पाठीशी असल्यावर नावाची काय गरज?"

बापाने हात जोडले आणि तो गेला. त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मला दिसला. मला वाटलं, आज एक पुण्याचं काम झालं.

मुलाने इथेच बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं. सगळीकडे पहिल्या वर्गात. मग एका विनाअनुदानित शाळेत लागला. आमच्या भागात ह्या शब्दाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. अनुदान आज येईल, उद्या येईल, ह्या आशेवर त्याने चौदा वर्षं काढली. पगार नावाला. संसार बायकोच्या शिवणकामावर चालला. आता लोह्याला घराच्या पत्र्याखाली शिकवणी घेतो. माळकरी आहे, व्यसन नाही, पोरं त्याच्यावर जीव टाकतात. तो दुःखी आहे असं मी म्हणणार नाही. पण जे रसायनशास्त्र त्याच्या हातात होतं, ते अकरावी-बारावीच्या गाइडपलीकडे कधी गेलंच नाही.

त्याच्याच वर्गात एका बड्या कंत्राटदाराचा मुलगा होता. गुण बेताचे. देणगी भरून एका नवख्या खासगी कॉलेजात गेला. त्या कॉलेजचं नाव आज त्यालाही सांगावंसं वाटत नाही. त्याचं मात्र उत्तम चाललं आहे. रस्त्यांची कामं आहेत, दोन शहरांत घरं आहेत. आणि गंमत बघा, लोक त्याच्याकडे बोट दाखवून माझंच वाक्य म्हणतात: "बघा, कॉलेजच्या नावात काय हाय!"

माउली, मला हे वाक्य कळायला इतकी वर्षं लागली. कंत्राटदाराच्या पोराच्या बाबतीत ते खरं होतं. ऊसतोड्याच्या पोराच्या बाबतीत खोटं होतं. एकच वाक्य, पण कुणाच्या घरी उच्चारलं त्यावर त्याचा खरे-खोटेपणा ठरतो.

तुम्ही शेतकरी असाल तर हे लगेच ध्यानात येईल. आपल्या तालुक्याचं नाव लाल कंधारी जनावरांनी देशभर नेलं. गावातल्या गावात बैल विकायचा असेल तर घेणारा जातीचं काही विचारत नाही. त्याने तो बैल चिखलात गाडी ओढताना पाहिलेला असतो, त्याची माय पाहिलेली असते. पण तोच बैल माळेगावच्या यात्रेत उभा करा. लांबून आलेला गिऱ्हाईक आधी विचारतो, कंधारी का? रंग बघतो, शिंगं बघतो, मग दात बघतो. तो मूर्ख असतो असं नव्हे. त्याने तुमचं घर पाहिलेलं नाही, म्हणून त्याला नाव धरावं लागतं. ओळखीच्या माणसाला नाव लागत नाही. ते लागतं परक्या बाजारात उभं राहायचं असतं तेव्हा. कंत्राटदाराचा पोरगा जन्मभर ओळखीच्या बाजारातच हिंडला. आमच्या पोराला मात्र सगळा बाजारच परका होता.

आणि कुरुंदकर गुरुजी? ज्या उदाहरणावर मी उभा होतो तेच मी धड वाचलं नव्हतं. ते हैदराबादला शिकायला होते ते मामांच्या आधाराने. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातले मराठीचे प्राध्यापक. परीक्षेत नापास होणारा तो मुलगा ज्या घरात उठबस करत होता, तिथे ग्रंथ होते, ग्रंथांवर बोलणारी माणसं होती, आणि काय वाचायचं ते सांगणारा घरचाच वडीलधारा होता. विद्यापीठ त्यांच्या घरात होतं, मग दारावरच्या पाटीने काय बिघडणार? त्यांची बुद्धी अलौकिक होती, यात शंका नाही. पण माझ्या विद्यार्थ्याचा मामा टोळीचा मुकादम होता. हा फरक मी त्या बापाला सांगितला नाही, कारण मी तो स्वतःलाच कधी सांगितला नव्हता.

माझा धाकटा मुलगा हैदराबादला नोकरी करतो. त्याच्याशी फोनवर हे बोलणं निघालं, तेव्हा त्याने अमेरिकेतल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. ती मला इतकी लागली की दोनदा सांगायला लावली. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर ह्या दोघांनी २००२ साली तो प्रसिद्ध केला. मोठ्या कॉलेजात शिकलेल्यांना पगार जास्त मिळतो हे सगळ्यांना दिसतं. पण तो कॉलेजमुळे, की मुळातच हुशार पोरं तिथे जातात म्हणून? हे वेगळं काढायला त्यांनी युक्ती केली. एकसारख्याच मोठ्या कॉलेजांकडे अर्ज केलेली आणि तिथे निवडलीही गेलेली मुलं घेतली. त्यातली काही मोठ्या कॉलेजात गेली, काही साध्या कॉलेजात गेली. काही वर्षांनी त्यांची कमाई ताडून पाहिली, तर फारसा फरकच नाही! म्हणजे हुशारी आणि जिद्द पोराजवळ होतीच, नावाने तिच्यात विशेष भर घातली नाही. हे ऐकून मी फोनवरच म्हणालो, "बघ, मी काय सांगत होतो!"

तो म्हणाला, "थांबा दादा, पुढं ऐका."

पुढं असं होतं की ह्या नियमाला अपवाद निघाला, आणि तो गरीब घरच्या मुलांचा. त्यांच्या बाबतीत मोठ्या कॉलेजने कमाईत खरोखर फरक पाडला होता. त्याच दोघांनी पुढे आणखी वर्षांची माहिती तपासली, तेव्हा ज्यांचे आईबाप फारसे शिकलेले नव्हते त्यांच्याही बाबतीत तेच दिसलं. २०२३ साली राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच विषयावर मोठं काम केलं. त्यांना आढळलं की अमेरिकेतल्या अगदी वरच्या मोजक्या विद्यापीठांत गेल्याने सरासरी कमाई फारशी वाढत नाही, पण अगदी शेंड्यावरच्या जागांची दारं उघडण्याचा संभव मात्र बराच वाढतो. तिकडची माणसं वेगळी, तिकडची गरिबीही वेगळी; ते आकडे कंधारच्या मोंढ्यात जसेच्या तसे उतरवता येत नाहीत हे मला समजतं. पण तो अपवाद ऐकला आणि माझ्या डोळ्यासमोर एक बैलगाडी आणि एक इंग्रजी पत्र उभं राहिलं.

तुमच्यातलं कुणी म्हणेल, महाराज, हा सगळा प्रपंचाचा हिशोब झाला. आपल्या संतांनी कुठल्या विद्यापीठाची पदवी घेतली? शिंपी, माळी, कुंभार, दळण दळणारी जनाबाई. खरं आहे. मीही हे पुष्कळदा बोललो आहे. पण आपल्याच संप्रदायात बघा. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास. मुलं माधुकरी मागून शिकली. आज गावच्या सप्ताहाची पत्रिका छापताना आपण काय करतो? कीर्तनकाराच्या नावाखाली 'आळंदी' हा शब्द असला की मंडळी निर्धास्त होतात. नसला की कुणीतरी हळूच विचारतं, यांचं कुठं झालं? मी स्वतः सप्ताहाच्या बैठकीत हे विचारलं आहे. एका गावच्या गरीब, गोड गळ्याच्या पोराला तीन वर्षं काल्याचं सोडा, साधं दुसऱ्या दिवसाचं कीर्तन मिळालं नाही, कारण त्याच्या नावाखाली लिहायला काही नव्हतं. मग ते आळंदीला गेलं. परत आलं तेव्हा गळा तोच होता. हो, अभ्यासही वाढला होता, तेही कबूल केलं पाहिजे. पण आम्ही बोलावलं ते पत्रिकेतल्या त्या एका शब्दाकडे बघून.

तेव्हा 'नावात काय आहे' हे वाक्य आपण दुसऱ्याच्या लेकराला ऐकवतो आणि निवड करायला बसलो की नावच बघतो. निदान मी तरी असा आहे.

इथल्या शिक्षणाला मी कमी लेखतो आहे असं कृपा करून समजू नका. मन्याड खोऱ्यात शाळा नव्हत्या त्या काळात भाई केशवराव धोंडगे यांनी शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली, कंधारला कॉलेज आणलं. त्या नावातला 'मोफत' हा शब्द आमच्या बायाबापड्यांना किती धीर देऊन गेला, हे आज पुस्तकात सापडणार नाही. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि पोरींच्या हातात पदव्या आल्या. ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांना ह्याच शाळांनी आणि कॉलेजांनी तारलं. मीही त्याच तारलेल्यांपैकी. नांदेडच्या अभियांत्रिकी संस्थेतूनही उत्तम पोरं बाहेर पडतात. त्या हमालाच्या जागी एखादा वकील असता, चार शहरांत पाहुणे असलेला, तर मी म्हणालो असतो, वकीलसाहेब, पोरीला जिथं बरं वाटेल तिथं घाला, काही अडत नाही.

आता वारीचं सांगतो.

तो माझा विद्यार्थी गेली काही वर्षं आमच्याच दिंडीत चालतो. वीणा त्याच्याकडे असतो बऱ्याचदा. मी पासष्टी ओलांडल्यापासून माझी पडशीही तोच घेतो. लातूर, मुरूड मागे पडलं. ढोकीजवळ आलो की तेर तिथून जवळच, गोरोबाकाकांचं गाव, म्हणून चालता चालता सगळ्यांना ती मडक्याची कथा आठवतेच. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून बघितलं आणि नामदेवरायांना कच्चं ठरवलं. नामदेवराय रुसून पांडुरंगाकडे गेले, आणि पांडुरंगाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं.

मी त्याला म्हणालो, एका हमालाच्या पोरीचा असा असा प्रश्न आहे, तुझं मत काय? त्याने लगेच उत्तर दिलं नाही. थोडं अंतर चालल्यावर हसत म्हणाला, "सर, नामदेवरायांना कच्चं म्हटलं, पण पांडुरंगानं विसोबांचा पत्ता तरी दिला. मला लहानपणापासून सगळे पक्का म्हणत आले, आणि पत्ता कुणीच दिला नाही."

मग तो बोलत राहिला. म्हणाला, "मला ज्ञान कमी पडलं असं कधी वाटलं नाही. पण कुठली जाहिरात कधी निघते, संशोधनाला शिष्यवृत्ती मिळते हे कुणाला विचारायचं, मुलाखतीला जाताना काय बोलायचं, हे मला पस्तिशीनंतर कळलं. मुंबईला माझ्याबरोबर ज्याचा नंबर लागला होता तो परभणीकडचा एक होता. तो गेला. त्याच्या शेजारच्या खोलीतल्या पोरानं फॉर्म भरला म्हणून यानंही भरला. तो आज जर्मनीत आहे. सर, तो माझ्यापेक्षा हुशार नव्हता. माझ्या शेजारी खोलीच नव्हती."

टाळ वाजत होते. पुढचे लोक चालीवर होते. मला वाटलं, आता नाही बोललो तर हे माझ्याबरोबर सरणावर जाईल. मी म्हणालो, "तुझ्या वडिलांना मी नको म्हणालो ते पांडुरंगाच्या भरवशावर नव्हे. मला कुणी पाठवलं नव्हतं. तू गेला असतास आणि मोठा झाला असतास, तर माझं कुठेतरी खोटं पडलं असतं. तेव्हा मला हे कळत नव्हतं, पण कारण तेच होतं. वैराग्य माझं नव्हतं, ते मी तुझ्यावर लादलं."

तो कितीतरी वेळ काही बोलला नाही. येडशी जवळ आली. मी मनात नाव घेत होतो, पण खरं सांगतो, माझं लक्ष त्याच्या पावलांकडे होतं, तो पुढे निघून जातो का याकडे. शेवटी तो म्हणाला, "पैसे नव्हतेच सर. तुमच्या बोलण्यानं त्या रात्री बाबांना झोप लागली, एवढं मला आठवतंय. महिनाभर ते झोपले नव्हते." आणि थोडं थांबून, "पण तुम्ही 'पाठवा' म्हणाला असता, तर त्यांनी बैल विकले असते. जोडी कंधारी होती. चांगली किंमत आली असती."

एवढंच. पुढच्या मुक्कामी त्याने माझी पडशी आणून दिली, नेहमीसारखी. पाय चेपायला बसला तेव्हा मी त्याला नको म्हणालो. त्याने ऐकलं नाही.

द्वादशीला पारणं सोडलं आणि परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मोंढ्यात गेलो. सोयाबीनच्या थप्पीवर ते गृहस्थ बसले होते. मी म्हणालो, वरच्या नंबराला पुणे लिहा, त्याखाली नांदेड. ते म्हणाले, "गुरुजी, तिथलं नाव तेवढं कामाचं हाय का?" मी म्हणालो, नाव कामाचं आहे, कारण आपलं नाव तिकडे कुणाला माहीत नाही. आणि नावाहून जास्त कामाच्या आहेत त्या शेजारच्या खोल्या.

खर्चाचा हिशोब आम्ही पोत्यावरच मांडला. २०२४ सालापासून ठराविक उत्पन्नाच्या आतल्या घरच्या मुलींची अशा अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्काची रक्कम शासन भरतं, तेवढा मोठा आधार. वसतिगृह, खानावळ, येणं-जाणं हे उरतंच. ते कसं जमवायचं हे सविस्तर लिहीत नाही. त्यात काही लोकांचा वाटा आहे आणि त्यांना नाव नको आहे.

मुलीला मी वेगळं बोलावलं. तिला सांगितलं की पहिले काही महिने वाईट जातील. इथे वर्गात तू पहिली होतीस, तिथे सगळेच पहिले. इंग्रजी भराभर बोलणारी पोरं दिसतील आणि वाटेल की आपण उगाच आलो. तेव्हा खोलीचं दार लावून बसू नको. कळलं नाही तर विचार, आणि ज्याला विचारशील त्याच्याशी ओळख ठेव. ती म्हणाली, "आजोबा, आणि नाहीच जमलं तर?" मला ह्या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणालो, "तर आम्ही आहोत. पण जाऊन बघ." तिच्या बापाने तिकडून विचारलं, नोकरी नक्की लागेल ना? मी हो म्हणालो नाही. एकदा भलत्या भरवशाने बोललो होतो, तेवढं पुरे.

पुणे लागलं.

निघायच्या रात्री लोह्याच्या स्टँडसमोर ट्रॅव्हल्सची वाट बघत आम्ही सगळे उभे होतो. एक पत्र्याची पेटी, एक गादीची वळकटी, चटणीची बरणी, आईने केलेल्या धपाट्यांचं गाठोडं. माझा विद्यार्थी शिकवणी आटोपून सायकलवर आला. खडूने पांढरे झालेले हात, खिशात एक छोटी वही. ती त्याने मुलीला दिली. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या ओळखीच्यांना आठवडाभर फोन करून करून त्याने त्या कॉलेजात शिकणाऱ्या, शिकून गेलेल्या नांदेड-लातूरकडच्या पोरापोरींची नावं आणि नंबर मिळवले होते. प्रत्येकापुढे लिहिलं होतं, हा कशासाठी उपयोगी पडेल. कोण वसतिगृहाच्या अर्जाचं सांगेल, कोण जुनी पुस्तकं देईल, कोणाची आई स्टेशनजवळ राहते. एक नंबर जर्मनीचा होता.

"ह्यांच्याशी मी स्वतः बोललोय," तो तिला म्हणाला. "तू फक्त कंधारची म्हणून सांग."

बस आली. बापाने पेटी वर चढवली, त्याला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. आई रडली, मुलगी रडली नाही. तिने वही ओढणीच्या टोकात बांधली, जशी बायका वारीत पैसे बांधतात.

बस गेल्यावर आम्ही दोघे समोरच्या टपरीवर गेलो. चहा आला. पैसे मी काढेपर्यंत त्याने देऊन टाकले होते.

"कार्तिकीला येणार ना, सर?" त्याने विचारलं.